पडणारच ना

बियाण्यांच्या कंपनीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून
मघाडेबाई आल्या, डोक्याला कंपनीची निळी टोपी तशीच.
कडेवर पाच वर्षांचा प्रज्योत,
खाली उतरायला तयार नाही.

"एकाच कडंनं खायलाय, मॅडम.
रात्री दोनला उठून बसतोय गाल धरून.
लवंग ठेवली. तुरटी ठेवली.
गल्लीतल्या एकानं तंबाखूची राख सांगितली,
ती नाही ठेवली."
नाही ठेवली, हे त्या दोनदा म्हणाल्या.

आरशात पाहिलं.
समोर चार खुंट, चहात बुडालेल्या टोस्टच्या रंगाचे.
मागे, खाली डावीकडे, शेवटच्या दाढेत
ज्वारीचा दाणा मावेल एवढं भोक,
आणि त्यात कालची भाकरी.

रात्री बाटली?

"माझी दुपारपाळी असली की बाप निजवतो.
बाटलीबिगर डोळा लागत नाही ह्याचा.
साखर मी थोडीच सांगितलेली..."
पुढचं वाक्य मी गिळलं.
माझ्याकडे भाषण तयार असतं, तक्त्यासकट.
भिंतीवर तो हातपाय फुटलेला हसरा दात आहे, ब्रश धरून.
मला तो कधीच आवडला नाही.

मग तो प्रश्न,
जो मंठ्याचे विचारतात, अंबडचे विचारतात,
गाडीतून उतरणारेही विचारतात:
"दुधाचीच हाये ना? पडणारच ना?
मग काढूनच टाका की.
आमच्या पट्ट्यावर किडका दाणा दिसला की बाजूला,
एकापायी सगळं पोतं जातंय."

म्हटलं, बाई, हा दाणा नाही.
हिच्या खाली दुसरी वाढतेय,
तिला वर यायला अजून सहा वर्षं.
तोवर जागा धरायला कुणीतरी हवं.
एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो ना आपण?
रुमाल उचलला की शेजारचे सरकतात.

त्या पहिल्यांदा हसल्या.
रुमालावरून कधीतरी भांडलेल्या असणार.

दाढ बधिर होईस्तोवर तो मला चावला.
त्याच दाढेनं चावला,
म्हणजे दुखलं दोघांनाही.
आतली मेलेली शीर निघाली, केसाएवढी,
खोलीभर तो वास पसरला
ज्याची मला अकरा वर्षांतही सवय झाली नाही.
धुतलं, भरलं.
चार नंबरची स्टीलची टोपी बसेना.
पाच नंबरची बसली, टक् करून,
डब्याचं झाकण बसावं तशी.

समोरचे दोन मात्र वाचले नाहीत.
तेही इथे लिहून ठेवते.

संध्याकाळी बाप आला, रोलिंग मिलमधून थेट,
भुवईचे केस भाजलेले.
मोबाईलची बॅटरी लावून पोराच्या तोंडात बघत राहिला,
बराच वेळ.
"स्टील?"
हो.
"आमच्यात बारा एमएमची सळई निघते.
एवढं बारीक काम नाही होत आमच्यात."
निम्मे पैसे दिले, राहिलेले दहा तारखेला म्हणाला.
अकराला आणून दिले,
एक दिवस उशीर झाला म्हणून खुर्चीवर बसला नाही.

परवा प्रज्योत पुन्हा आला. आता सहावीत आहे.
एकटाच, सायकलवरून,
दाढ टोपीसकट हलवत.
बोटानंच निघून आली.
खाली हिरडीत पांढरी कड दिसत होती,
सरळ, जागच्या जागी.

दाढ कागदात गुंडाळून मागितली त्यानं.
कशाला रे?

"पत्र्यावर टाकायचीय.
बाकीचे टाकले तवा आवाजच नाही आला.
ही वाजंल."